दहा वेळा 'आम्ही जिंकलो'

फुटबॉल मला कधीच आवडला नाही, आणि आमच्या गावच्या क्लबचा फुटबॉल तर खेळ म्हणवून घ्यायच्याही लायकीचा नव्हता. मागच्याने चेंडू आभाळात लाथाडायचा, पुढच्या ताडमाड धटिंगणाने त्याला डोकं लावायचं, चेंडू भलतीकडेच जायचा आणि सगळ्या स्टेडियमने 'ओऽऽ' करून खाली बसायचं. एवढ्यासाठी शनिवारच्या दुपारी घरंच्या घरं रिकामी व्हायची. स्टेडियमचा रस्ता आमच्या दारावरून जात असल्यामुळे ही यात्रा मला खिडकीतून फुकट दिसायची, आणि संध्याकाळी कुंपणातले बिअरचे डबे वेचायचं कामही फुकट मिळायचं.

गाव मिडलंड्समधलं, लेस्टरपासून गाडीने तासाभरावर. मी तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि कित्येक वर्षांनी आमचा क्लब इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढला होता. या लीगचा नियम शाळेसारखा आहे. वर्षाच्या शेवटी तळाच्या तिघांना नापास करून खालच्या वर्गात ढकलतात. आमचे वीर त्या तिघांत असणार याबद्दल पेपरवाल्यांपासून हॉस्पिटलच्या पोर्टरपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मला हे ऐकून बरं वाटलं होतं. म्हटलं, नाताळपर्यंत हे खूळ आपोआप उतरेल.

खुळातली सगळ्यात असह्य गोष्ट म्हणजे यांचं 'वी'. माझ्या थिएटरमधला सर्जन चांगला शिकलासवरलेला माणूस, पण सोमवारी सकाळी पेशंटचं पोट उघडून म्हणायचा, "वी वेअर ब्रिलियंट ऑन सॅटरडे." मी विचारायचो, "तू कुठल्या पोझिशनला खेळलास?" त्याला यातला टोमणा कळायचा नाही. पेशंटही तसलेच. हातात सुई टोचून 'दीर्घ श्वास घ्या' म्हणावं, तर माणूस डोळे मिटता मिटता विचारणार, "वी आर स्टेइंग अप, आरन्ट वी, डॉक?" भूल देणं हा माझा व्यवसाय होता, पण या गावाला ती कोणी आधीच देऊन ठेवली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या ऑगस्टमध्ये खूळ कुंपण ओलांडून घरात आलं.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. बुटांच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, बोलणं कमी, बाग नीटनेटकी. त्यांची बायको आदल्या हिवाळ्यात वारली. दोघांची वर्षभराची सीझन तिकिटं शेजारशेजारच्या खुर्च्यांची, आणि बायको गेल्यावरही त्यांनी सवयीने दोन्ही नवी करून घेतली होती. एके दिवशी कुंपणापलीकडून टोपी काढून त्यांनी विचारलं, ती दुसरी खुर्ची रिकामी पाहवत नाही, तुमच्या मुलीला यायला आवडेल का? आमची लेक तेव्हा अकरा वर्षांची. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडेपर्यंत माझी बायको 'व्हाय नॉट' म्हणून मोकळी झाली होती.

आता माझं खरं दुखणं सांगतो. शनिवार हा आमचा, म्हणजे माझा आणि लेकीचा, लेस्टरचा दिवस होता. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानांत जायचं, मेथी, वांगी, कढीपत्ता घ्यायचा, एका दुकानात उभ्याने पाणीपुरी खायची आणि परत यायचं. जाताना एक तास, येताना एक तास, आणि गाडीत इंग्रजी बोलायला बंदी. आठवडाभर ती शाळेत, मी थिएटरमध्ये. मुलगी माझ्याशी बोलायची ती त्या दोन तासांत. तिचं मराठी लंगडं होतं, लिंगांचा तर पुरता गोंधळ, पण त्या लंगड्या मराठीत ती मला सगळं सांगायची. आता एक शनिवार सोडून एक शनिवार ती त्या म्हाताऱ्याबरोबर जाऊ लागली, आणि उरलेल्या शनिवारी गाडीत बसून रेडिओवर परगावची मॅच लावायला सांगू लागली. त्यात भर म्हणजे तिने त्यांना 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली. तेही त्या हाकेला ओ द्यायला शिकले. मला त्यांचा राग येत होता, आणि राग यावा असं त्यांनी काहीच केलेलं नव्हतं, याचाही राग येत होता.

पहिलीच मॅच क्लबने जिंकली. समोर मोठा, नावाजलेला संघ होता. मी म्हटलं, आंधळ्याचा नेम लागला. मग तो पुन्हा लागला, आणि पुन्हा. ऑक्टोबर संपत आला तरी आमचे धटिंगण तक्त्यात वरच्या अर्ध्यात बसलेले. असल्याच एका संध्याकाळी लेक धापा टाकत स्वयंपाकघरात आली. गळ्यात म्हाताऱ्याच्या बायकोचा जुना स्कार्फ.

"बाबा, आपण जिंकलो! पहिली गोल बारला लागून आत गेली!"

"गेला. गोल गेला," मी म्हटलं. "आणि आपण कोण?"

"आपण म्हणजे वी!"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिला नागपूरहून आणलेल्या दुसरीच्या पुस्तकातून मराठी शिकवायचो. त्या सकाळी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मोठ्या उत्साहाने तिला समजावलं, की इंग्रज बिचारे गरीब, त्यांच्याकडे एकच 'वी'. आपल्याकडे दोन आहेत. ऐकणारा आत असेल तर 'आपण', ऐकणारा बाहेर असेल तर 'आम्ही'. 'आपण जेवू या' म्हटलंस तर माझंही पान मांडलेलं आहे. 'आम्ही जेवलो' म्हटलंस तर मी उपाशी आहे.

ती लगेच समजली. हुशार होतीच. मग म्हणाली, "पण तू पण इथेच राहतो ना, बाबा? मग तू पण इन आहे. मग आपणच करेक्ट आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कधी वेळेवर गप्प बसलेली नाही. मी म्हटलं, "मी त्यात नाही. मला त्या येडपटांत धरायचं नाही. तू आणि तुझे आजोबा जिंकला असाल. लिही, दहा वेळा. आम्ही जिंकलो."

तिने दहा वेळा लिहिलं. 'जिं'वरच्या अनुस्वाराच्या जागी तिने दर वेळी एक छोटा फुटबॉल काढला होता, आत काळे ठिपके घालून. मी लाल पेनाने दहाही फुटबॉल खोडले आणि वर साधी टिंबं दिली.

तरी तोंडातून 'आपण'च यायचं. येऊन दारातूनच ओरडायची, "आपण ड्रॉ केलो!" आणि मी पेपरमागून म्हणायचो, "आम्ही. आणि ड्रॉ केला." हळूहळू मला त्यात मजा वाटू लागली होती. बायको एकदा म्हणाली, "अहो, ती तुम्हांला काहीतरी सांगायला येते, आणि तुम्ही व्याकरण काढून बसता." मी म्हटलं, भाषा शुद्ध नको का? भाषेच्या शुद्धतेचं कारण पुढे केलं की माणसाला वाटेल तितकं खडूस होता येतं.

नाताळ आला. खूळ उतरलं नाही, उलट चढलं. क्लब पाचवा होता. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये पताका लागल्या, बसच्या ड्रायव्हरच्या खिडकीला स्कार्फ. टीव्हीवरचे निवृत्त खेळाडू, ज्यांनी ऑगस्टमध्ये हातावर हात मारून या क्लबला नापास केलं होतं, ते आता त्याच चेहऱ्याने सांगू लागले की आम्हांला हे दिसतच होतं. या लोकांना लाज नावाची वस्तू कुठल्या दुकानातून आणून द्यावी, हेच मला कळेना. सर्जन तर पेशंटला टाके घालताना क्लबचं गाणं गुणगुणायचा, तेही बेसूर.

आणि मी? मी शत्रूची माहिती हवी म्हणून पेपरचं शेवटचं पान वाचायला लागलो. आधी शेवटचं, मग पहिलं. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सर्जन नेहमीसारखा बडबडत होता, आणि मी मॉनिटरवरची नजर न हलवता म्हणालो, "ते ठीक आहे, पण तुमचा लेफ्ट बॅक वर धावत जातो आणि मागे मैदान मोकळं सोडतो. एक दिवस महागात पडणार." सर्जनने मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. नर्सनेही पाहिलं. मी घाईघाईने ड्रिप तपासली.

घरी मात्र मी कडक होतो. लेकीसमोर नाक मुरडायचं ते मुरडायचंच. एव्हाना घरच्या मॅचच्या शनिवारी मी एकटाच लेस्टरला जायचो, आणि गाडीत कोणी नसल्यामुळे रेडिओ लावायला कोणाची हरकत नसायची. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत गाडी उभी करून मी पूर्ण सेकंड हाफ ऐकायचो. मागच्या सीटवर मेथी मलूल होऊन पडायची. त्या धटिंगणाच्या गुडघ्याला दुखापत झाली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही. बायकोला सांगितलं, ॲसिडिटी आहे.

एप्रिलच्या शेवटी म्हातारबुवा पुन्हा कुंपणाशी आले. शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. जिंकलो तर पुढच्या वर्षी क्लब युरोपात खेळायला जाणार होता, असं त्या गावात कोणाच्या आजोबा-पणजोबांनीही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या ओळीत शेजारचीच एक खुर्ची त्या दिवशी मोकळी होती. "कम विथ अस," ते म्हणाले. लेक शेजारी उभी होती. ती स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिली.

माझ्या मनात 'हो' होतं. अगदी जिभेपर्यंत आलेलं. पण वर्षभर ज्याची टिंगल केली त्याच्या रांगेत, तिच्या देखत, बसायचं कसं? मी म्हटलं, थँक यू, पण मला लेस्टरला जायचंय. घरात भाजी संपलीय.

म्हातारबुवा टोपी काढून हातात फिरवू लागले. लेकीनेच त्यांना सावरलं. "इट्स ओके, आजोबा," ती म्हणाली. "बाबा इज नॉट इन इट."

त्यात राग नव्हता. ती माझीच शिकवण त्यांना इंग्रजीत समजावून सांगत होती.

शेवटच्या दिवशी मी खरोखरच लेस्टरला गेलो. भाजी घेतली नाही. गल्लीत गाडी लावली आणि रेडिओ. एक-एक अशी बरोबरी, घड्याळ संपत आलेलं, आणि मागच्या कोणीतरी नेहमीसारखा चेंडू आभाळात लाथाडला. वर्षभर ज्या प्रकाराला मी खेळ म्हणायला तयार नव्हतो, तोच प्रकार. धटिंगणाने डोकं लावलं. निवेदकाचा आवाज फाटला. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले तो हॉर्न वाजला, आणि समोरून जाणाऱ्या एका गुजराती बाईंच्या हातातली पिशवी सुटली. मी काच खाली करून त्यांना ओरडून सांगितलं, "वी वन!" त्यांनी बटाटे गोळा केले आणि फुटपाथ बदलला.

मला रडू येत होतं. चाळिशी उलटलेला, चारचौघांत अक्कल पाजळणारा माणूस, गल्लीत एकटा बसून फुटबॉलसाठी रडत होता, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. लाज वाटत होती ती त्या मोकळ्या खुर्चीची. मी उतरलो, मिठाईवाल्याकडून गरम जिलब्या घेतल्या, आणि घरापर्यंत एक तास एकच वाक्य घोकत आलो. आपण जिंकलो. ती काही बोलायच्या आत मीच म्हणणार होतो. चूक माझी होती, दुरुस्तीही मीच करणार होतो.

गावात गर्दीमुळे गाडी अडकली. घरी पोचलो तेव्हा ती आधीच दारात उभी होती. घसा बसलेला, गालावर क्लबचे रंग ओघळलेले. मला पाहून ती धावतच पुढे आली, तोंड उघडलं, आणि थांबली. वहीत लिहायच्या आधी थांबायची तशी.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "आम्ही जिंकलो. शेवटचा गोल डोक्याने केला."

सर्वनाम बरोबर. लिंग बरोबर. एकही चूक नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लाल पेनाची वाट बघितल्यासारखी.

माझं घोकलेलं वाक्य आता बोललो असतो तर ती दुरुस्ती झाली असती. तिला वाटलं असतं, पुन्हा चुकलं.

"बरोबर," मी म्हटलं. "एकदम बरोबर."

ती खूश होऊन हसली आणि शेजारी पळाली. तिथे टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवत होते. भिंतीपलीकडून दोघांचा ओरडा आला.

बायकोने माझ्या हातातला खोका पाहिला. "अहो, भाजी कुठाय? आणि जिलब्या कशाच्या?"

"शेजारी नेऊन दे," मी म्हटलं. "ते जिंकले ना."