डाव्या दाराचं हँडल

मी एका गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीचं हँडल काढून विकलं.

पौड रस्त्याला लागून आमचं जुन्या गाड्यांचं भंगार होतं. आजोबांनी मोडीत घेतलेल्या गाड्या वडिलांनी मोडल्याच नाहीत. कोणाला तरी ओरिजनल पार्ट लागेल म्हणून रस्त्याकडेला तशाच उभ्या ठेवल्या. शेजारी एसटीचा थांबा, त्याला शेड नाही. त्यामुळं बाजाराला निघालेल्या बाया पाट्या घेऊन आमच्याच गाड्यांत बसायच्या. एकीची तर गाडी ठरलेली होती. तिथं दुसरं कोणी बसलं की भांडायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कासार आंबोलीत बंगला बांधून राहिलेले एक निवृत्त काका आले. फाटकात ट्रक आडवा, म्हणून त्यांनी गाडी बाहेर आमच्या रांगेतच लावली. हे मला कळलं नंतर.

"पुढच्या डाव्या दाराचं हँडल तुटलंय," काका वडिलांना सांगत होते. "दर वेळी मी आतून वाकून उघडायचं, तोवर ही बाहेर उभी. आता माझी कंबर वाकत नाही. ही म्हणते, आज हँडल मिळालं नाही तर गाडी विका. बत्तीस वर्षं आहे हो आमच्याकडं."

वडिलांनी त्यांना चहाला बसवलं आणि मला पिटाळलं. आमच्या दोन तसल्या गाड्यांची हँडलं कधीच गेली होती. तिसरी मात्र सापडली! पुढं एक बाई बसलेली, चष्मा, मांडीवर पर्स. पुढचं हँडल तिचंही तुटलेलं, पण मागचंही पुढं बसतं, म्हणून मी मागचं डावं दार उघडून कामाला लागलो.

"एसटी येईलच, काकू," मी धीर दिला.

"मला एसटीनं नाही जायचं."

"मग वडापची जीप मिळेल. जरा हे स्क्रू धरता का?"

त्यांनी बिचाऱ्यांनी मागं वळून हात पुढं केला.

फडक्यानं पुसून मी हँडल काकांपुढं ठेवलं. "अशी वस्तू आता मिळत नाही, काका. शेवटची होती."

"अगदी माझ्या गाडीचंच वाटतं!" काका हरखले.

वडिलांनी जाऊन ते पुढं बसवलं. मी मागाहून पोचलो, तर माझ्या एसटीवाल्या काकू खाली उतरून दार बाहेरून उघडत होत्या, लावत होत्या, परत उघडत होत्या. काका नुसते बघत उभे होते. मग छत्री ठेवायला त्यांनी मागच्या दाराला हात घातला आणि बोट भोकात गेलं.

"ते मघाशी यानंच काढलं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, दुरुस्ती चाललीय."

वडील माझ्याकडं वळले. "चालत्या गाडीचं काढलंस व्हय रं? चारी टायरांत हवा हाय, ती न्हाई दिसली?"

"बाई बसलेली दिसली, म्हटलं आपलीच गाडी."

काकांना हसू आवरेना. मी घाईघाईनं म्हणालो, "थांबा, मागचंही काहीतरी जमवून देतो," आणि दाराकडं सरकलो.

काकू आपल्या दारानं आत बसल्या, ते ओढून घेतलं आणि काच खाली करून वडिलांना म्हणाल्या, "मागं आमच्या कोणी बसत नाही. तुम्ही आधी याच्या हातातला पाना काढून घ्या."