पहिल्या पानावर भलताच मुलगा

माझा धाकटा मुलगा परदेशात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. सहा वर्षांपूर्वी सकाळच्या नाश्त्याच्या वेळी अतिरेक्यांनी तिथे बॉम्ब फोडला आणि तो गेला. देह आला नाही, कागद आला. त्याबद्दल मला जे वाटायचं ते वाटून झालं आहे, ते मी इथे लिहीत नाही. लिहिते आहे ती यंदाची गोष्ट, कारण यंदा मी जिंकले.

त्या देशातल्या आपल्या वकिलातीने यंदा ठरवलं की स्फोटात मेलेल्या सगळ्यांना हॉटेलासमोर श्रद्धांजली द्यायची. आणखी चार-पाच देशांचे राजदूत येणार होते. तसं पत्र कलेक्टर ऑफिसात आलं, तिथून पेपरवाल्यांना कळलं आणि एका दुपारी एक बातमीदार माझ्या दारात येऊन उभा राहिला.

आमचा धंदा फुलांचा. तिवस्याकडे दिराचा मळा आहे. तिथून झेंडू-शेवंती येते आणि मी अमरावतीला घरी बसून हार करते. तयार हार खाली ठेवत नाहीत, फुलं दबतात. खिळ्याला टांगायचे आणि वरून पाणी शिंपडायचं. पुढच्या खोलीत भिंतीला ओळीने खिळे मारलेले आहेत. लग्नसराईत तेही पुरत नाहीत, मग कॅलेंडरच्या खिळ्याला, घड्याळाच्या खिळ्याला, जिथे जागा दिसेल तिथे हार अडकवते. त्या दिवशी एक हार मोठ्या मुलाच्या फोटोच्या खिळ्याला गेला होता. मोठा जिवंत आहे. अकोल्याला शाळेत क्लार्क आहे. धाकट्याचा फोटो मी भिंतीवर लावत नाही, कपाटात ठेवते, कारण भिंतीवर सारखं पाणी उडतं.

बातमीदाराने चार गोष्टी विचारल्या, मी सांगितल्या. मग मी चहा करायला आत गेले. तेवढ्या वेळात त्याने मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला. मला विचारलं नाही. विचारायचं काय, फोटोला ताजा हार आहे म्हणजे गेलेला माणूस तोच, असं त्याने धरलं. चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर माझा मोठा मुलगा, गळ्यात शेवंतीचा हार. खाली मजकूर, की परदेशात दहशतवादाचा बळी ठरलेल्या अमरावतीच्या इंजिनिअरला राजदूत अभिवादन करणार, आणि वृद्ध मातेला अश्रू अनावर. मी चौथी शिकले आहे, पेपर मला नीट वाचता येतो. दोनदा वाचला. मुलगा चुकीचा, काम चुकीचं आणि आईही चुकीची.

तिकडे अकोल्यात मोठा दाढी करत होता तर दारात सासुरवाडीची माणसं. पेपर त्यांच्या तेल्हाऱ्यालाही जातो. माझी विहीणबाई सकाळीच जीप करून निघाली होती, ती अंगणातूनच रडत आली. दार जावयानेच उघडलं, गालाला फेस लावलेला. ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हणे त्यालाच ओरडली की जिवंत होता तर फोन कावून उचलला नाही. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. त्याला राग आला.

माझं हसू दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी वकिलातीतल्या बाईंचा फोन आला. बाई हिंदीत बोलल्या, चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, हॉटेलासमोर मोठा फलक लागणार आहे, त्यावर मेलेल्या प्रत्येकाचा फोटो. तुमच्या मुलाच्या पासपोर्टची जुनी झेरॉक्स आहे पण तिच्यात चेहरा नुसता काळा दिसतो. बरं झालं, कलेक्टर ऑफिसाने पेपरातला फोटो पाठवला, तोच लावतो आहोत.

मी म्हटलं, तो माझा दुसरा मुलगा आहे, जिवंत आहे. बाई म्हणाल्या, अम्मा, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण माझ्याकडे छापील कात्रण आहे आणि सरकारी पत्र आहे. वरच्या साहेबांना दाखवायला मला तसंच काहीतरी हवं. उद्याच्या पेपरात खरा फोटो छापून आला तर परवा सकाळी फलक छपाईला जाण्याआधी मी तो बदलू शकते. त्यानंतर नाही.

म्हणजे एक दिवस होता. नाहीतर ज्या हॉटेलात त्याने सात वर्षं लोकांना खाऊ घातलं, तिथे त्याच्या नावावर भावाचा चेहरा लागला असता. तिथे त्याला ओळखणारी माणसं अजून होती. ती म्हणाली असती, हा कोण?

मी मोठ्याला फोन करून मिळेल त्या गाडीने यायला सांगितलं. तो म्हणाला, सुट्टी नाही. मी म्हटलं, तू मेला आहेस, शाळेला वेगळं कारण कशाला पाहिजे. संध्याकाळी चारला तो स्टँडवर उतरला. ऑटो करून आम्ही पेपरच्या ऑफिसात गेलो.

तो बातमीदार तिथेच होता. मला बघून उठला, पण चूक कबूल करायला काही तयार नव्हता.

"आजी, हार तर त्याच फोटोले होता. मी माह्या डोयानं पायला."

"हार खिळ्याले होता, बाप्पा. फोटोही खिळ्याले होता. उद्या घड्याळाले हार दिसला त घड्याळ मेलं म्हणून छापशीन काय?"

बाजूच्या टेबलावरची दोघं हसली. बातमीदाराने समजावायला सुरुवात केली की चूक झाली असेल तर खुलासा देतात, आतल्या पानावर, दोन ओळींत, फोटो नसतो, तशी पद्धत आहे. मोठा माझ्या कानाशी लागला, "जाऊ दे ना माय, दोन ओळी देऊन राहिले ना." हा लहानपणापासून असाच. भाजीवालीने सडका टमाटर दिला तरी परत करायला लाजतो. मी त्याला म्हटलं, तू गप राह्य, तू मेलेला आहेस.

आवाज ऐकून संपादक केबिनमधून बाहेर आले. वयस्कर माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं काय आहे. बातमीदार सांगायला लागला, मी त्याला सांगू दिलं नाही. मोठ्याचा दंड धरून त्याला पुढे केलं.

"साहेब, तुमच्या पयल्या पानावर जो मेला तो हा होय. विचारा त्याले काय विचारता ते."

संपादकांनी टेबलावरचा पेपर उचलला, चष्मा खाली घेतला, एकदा पेपर पाहिला, एकदा मोठ्याकडे पाहिलं. मोठ्याने नमस्कार केला. सगळं ऑफिस हसलं, संपादक नाही हसले. त्यांनी आम्हाला आत नेऊन खुर्च्या दिल्या.

मी पिशवीतून धाकट्याचा फोटो काढला. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला होता, मित्राने काढलेला. कमरेला ॲप्रन, हातात झारा, तोंड पूर्ण उघडून हसतो आहे. संपादक म्हणाले, श्रद्धांजलीला असा फोटो बरा दिसत नाही, एखादा शांत चेहऱ्याचा नाही का? मी सांगितलं की शांत चेहऱ्याचा तो नव्हताच. मग त्यांनी विचारलं, कामाच्या जागी 'शेफ' लिहू का, ऐकायला चांगलं वाटतं.

"सैपाकी लिहा. सैपाक करे तो. इंजिनिअर तुमच्या माणसानं केला त्याले, आमी नाही केला."

"आणि आणखी काही?" त्यांनी विचारलं. आता ते हसत होते.

"मी रडली नाही. चहा केला होता. तुमच्या माणसानं पेला. ते अश्रू काढून टाका."

त्यांनी सगळं स्वतः लिहून घेतलं. पहिलं पान, तीच जागा, तेवढाच मोठा फोटो. बातमीदाराला बोलावून सांगितलं की हाच फोटो वकिलातीतल्या बाईंना आत्ता पाठव आणि उद्या छापलेलं पानही पाठव. त्याने माझ्यासमोर फोटो पाठवला. जाताना मला म्हणाला, "आजी, रागावू नका." मी म्हटलं, पुढच्या वेळी विचारत जा, एवढंच.

सकाळी पेपरात माझा धाकटा हसत होता. खाली लिहिलं होतं, स्वयंपाकी. दुपारी बाईंचा फोन आला, साहेबांनी मान्य केलं, फलक बदलला.

कार्यक्रम आम्ही मोठ्याच्या मोबाइलवर पाहिला, माझ्याच घरी. गल्लीतल्या बाया आल्या होत्या. तो बातमीदारही आला, या वेळी चप्पल बाहेर काढून कोपऱ्यात बसला. पडद्यावर काळ्या कोटातले राजदूत रांगेत उभे होते. एकेक नाव वाचलं जात होतं. नाव झालं की एकेक जण पुढे येऊन फूल ठेवत होता. माझ्या मुलाचं नाव आपल्या राजदूतांनी वाचलं, आणि नावामागे कामही वाचलं. फलकावर बाकी सगळे गंभीर, मध्ये हा एकटा झारा घेऊन हसणारा.

मग रांगेबाहेरून एक म्हातारी आली, पांढऱ्या केसांची, जाडजूड. ती थेट त्याच्या फोटोसमोर गेली. फोटोवर हात ठेवला आणि मोठ्याने हसली. त्या सगळ्या शांततेत. राजदूतही वळून बघायला लागले.

संध्याकाळी वकिलातीतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, ती म्हातारी हॉटेलात भांडी घासायची. हा तिला रोज हिरवी मिरची घातलेलं आम्लेट करून द्यायचा आणि ती रोज त्याला शिव्या देऊन ते खायची. स्फोटाच्या दिवशी ती सुट्टीवर होती. तिने बाईंना विचारलं, हा फोटो कोणी निवडला. बाई म्हणाल्या, त्याच्या आईने. त्यावर ती म्हातारी म्हणाली, आईला सांगा, असाच होता.

बातमीदार वही काढून बसला होता. त्याने या वेळी रीतसर विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटून राहिलं, तुम्ही सांगा, मी तेच लिहितो.

"लिहा," मी म्हटलं. "माहा पोरगा ओयखू आला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा तोच होता, माझ्याच शब्दांत. सकाळी मी पेपर घेऊन फुलबाजारात गेले. ज्याने विचारलं त्याला दाखवला. ज्याने विचारलं नाही त्यालाही दाखवला.