आरपारचा आस

धाकटीला लग्न होऊन या घरात येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. पुढच्या खोलीत थोरल्या दिरांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे पत्र्याची भिंत. भिंत म्हणायची आपली. इकडे ठसका लागला की तिकडून कुणीतरी "पाणी पी" म्हणायचं. ती कणीक मळत होती आणि पलीकडे भांडण जुंपलं.

"खटका तुम्हीच बंद केला होतात ना मिस्त्री? मग उतारावर चाक एकीकडे आणि मी एकीकडे, हे कसं झालं?" शाळेचे मास्तर होते. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे रागसुद्धा फुसफुसत बाहेर येत होता.

"चार वेढे देऊन घट्ट आवळला होता मी."

"वेढे? अहो, तो नट आहे का वेढे द्यायला? मूठ दाबून मिटायची असते त्याची!"

"मला शिकवू नका. रस्ताच खराब होता."

मास्तर पाय आपटत निघून गेले. धाकटीने पत्र्याच्या भोकाला डोळा लावला. तोवर सगळ्या सायकलींच्या चाकांना नट असायचे. खटका नवाच आला होता. चाकाच्या मधून जाणारी बारीक सळई आणि तिच्या टोकाला बोटभर मूठ. ती मूठ मिटली की चाक, ते ज्यात बसतं त्या चिमट्याच्या खाचेत, दाबून धरलं जातं. भाऊजींच्या हातांना नट ठाऊक, त्यांनी मूठ गरागरा फिरवली होती आणि घट्ट झालं असं समजून सायकल दिली होती. आता ते एकटेच बसून खटका उघडत होते, मिटत होते. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

चूक झाली असं ते कुणापाशी बोलले नाहीत, आणि धाकटीनेही कधी विषय काढला नाही. नव्या सुनेने दिराच्या चुका पत्र्याच्या भोकातून मोजल्या, हे सांगणार कुणाला?

पण पुढे या माणसाने खटका असा काही हस्तगत केला की लांबलांबून लोक यायचे. मूठ मिटल्यावर ते आपला तळवा उजेडात धरायचे. तळव्यावर मुठीचा ठसा उमटला असेल तर सायकल द्यायची, नाहीतर पुन्हा. धाकटी चहा घेऊन गेली की तो लाल ठसा बघत उभी राहायची. चहा निवायचा. देवळात गेल्यावरसुद्धा तिचं मन इतकं गप्प होत नसे.

वर्षं गेली. धाकटीची मुलगी नर्स झाली आणि तिला डोंगरावरच्या वस्त्या मिळाल्या. पायथ्यापर्यंत बस, पुढे दगडगोट्यांची वाट. लसींची पेटी पाठीला बांधून जायचं आणि तेवढाच उतार ब्रेक दाबत परत यायचं. सायकल हवी होती. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग आणि मागे नुसता कडक सांगाडा. पोर म्हणाली, "हिला हार्डटेल म्हणतात." भाऊजी म्हणाले, "म्हणू देत. मागून दणके बसणार एवढं कळलं."

एका दुकानदाराने पारखायला दोन सायकली पाठवल्या. सगळं सारखं, फरक फक्त चाकाच्या आसात, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या मधल्या दांड्यात. एकीला खटका. दुसरीला करंगळीहून जाड पोकळ दांडा. तो चिमट्याच्या एका बाजूच्या भोकातून शिरून चाकातून आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूच्या आट्यांत फिरवून बसवतात.

"मला खटकाच हवा, काका," पोर म्हणाली. "क्षणात चाक निघतं, बसच्या टपावर सायकल चढवता येते. आरपारचा हरवला तर दुसरा मिळत नाही. लांबी जुळली तर आटे जुळत नाहीत. आणि तुमच्याइतका खटका कळतो कुणाला?"

धाकटीला मास्तरांचे दात आठवले. भाऊजींनी खटका म्हटलं असतं तर पोरीने डोळे मिटून घेतला असता. आणि आरपारचा घे म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. ज्याच्यावर आयुष्यभर नाव कमावलं, त्याच्याच विरुद्ध कसं बोलावं?

तीन दिवस ते दोन्ही सायकलींमधे बसून होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघींना बोलावलं.

"हे असं चाक लावलं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले आणि खटक्याची मूठ गरागरा फिरवून सोडून दिली. "हात लावून बघ पोरी. घट्ट आहे?"

"आहे की."

"ब्रेक दाब आणि सायकल जोरात पुढे रेट."

पोरीने रेटली. चाक खाचेत कचकन सरकलं आणि तिरकं झालं. पोर दचकली.

"असंच मी मास्तरांना दिलं होतं," भाऊजी म्हणाले. "रस्ता चांगला होता. चूक माझी होती."

धाकटीने पदर तोंडाशी नेला. तीस वर्षांचं ओझं या माणसाने पान्यासारखं सहज खाली ठेवलं होतं.

"पण आता तुम्हाला येतो ना!" पोर म्हणाली.

"मला येतो. तरी घाईत असलो की हात अजून फिरवायलाच जातो. आणि तुझं चाक तू एकटीच थोडी काढणार आहेस? बसवाला काढेल, वस्तीवरचं कुणी मदतीला येईल. मदतीला येणाऱ्या हातांना नटच ठाऊक असतो. खटक्याची ही खाच खालून उघडी आहे. आणि हे बघ." त्यांनी दुसऱ्या सायकलीचा दांडा बाहेर काढला. "इथे बंद भोक आहे. सैल झाला तरी चाक एकदम निसटत नाही, खडखडून सांगतं. आणि हा फिरवूनच बसवायचा. जे फिरवून सगळे खटक्यात चुकतात, याला नेमकं तेच हवं असतं."

"आणि हरवला तर?"

"दोन घेऊ. दुसरा तुझ्या पेटीत. आणि याने ब्रेकची चकती तरी तिरकी बसून घासणार नाही."

पोरीने खटक्याची सायकल भिंतीकडे सारली.

धाकटीने तो दांडा हातात घेतला. पेनाइतका हलका वाटला. एवढ्याशा नळीवर आपली पोर, पाठीवरची पेटी आणि अख्खा डोंगर तोलला जाणार होता. आणि ते ओळखणारा माणूस आपल्याच घरात रोज भाकरी खातो! तिने दांडा दोन्ही हातांनी परत दिला, प्रसाद द्यावा तसा. "अगं, लोखंडच आहे ते," भाऊजी म्हणाले.

मग सहा वर्षं दर सोमवारी भाऊजी पोरीबरोबर पहिल्या बसने पायथ्याशी जायचे आणि चाक स्वतः तपासायचे. पोर चिडायची, "काका, मला येतं ना सगळं!" ते म्हणायचे, "तुला येतं, मला चैन पडत नाही."

आयुष्यातल्या शेवटच्या सोमवारीही गेले. खोकला होता, धाकटीने अडवून पाहिलं. गळ्याला मफलर गुंडाळून निघालेच. पायथ्याशी दगडावर बसून दांडा काढला, फडक्याने पुसला, आट्यांना ग्रीसचं बोट लावलं, फिरवत फिरवत बसवला. पुढचं चाक वीतभर उचलून खाली आपटलं. कान देऊन ऐकलं. खडखड नव्हती.

"जा," पोरीला म्हणाले, आणि फडकं खिशात कोंबून परतीच्या बसकडे चालू लागले.