संचालकांची सहल

तुमचा चहा निवायच्या आत सांगून टाकते. आता हसायचं नाही म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तर हसा. फक्त माझ्या नातीला कळू देऊ नका, की मी हे परत सांगितलं. ती म्हणते, "आजी, तू कंपनीची अब्रू बाजारात मांडतेस." अहो, कंपनीची कुठली? गेली ती माझीच!

नात म्हणजे ऋतुजा. पुण्यात शिकली आणि तिथंच राहील म्हटलं, तर ही आपली परत तळेगाव ढमढेऱ्याला आली. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कुणाच्या उसाला कधी तोड, ट्रॅक्टर कुठं पोचला, कारखान्यावर रांग किती, सगळं मोबाइलवर दिसतं म्हणे. गावातल्याच पोरी तिथं कामाला. एक माळ्याची, दोन धनगराच्या, एक आमच्या भावकीतली. सकाळी स्कुटीवरून अशा ऐटीत जातात, की बघत राहावं!

आणि कंपनी म्हटली की संचालक मंडळ आलंच. ते काय असतं हे मला शिकवायला नको. आमचे मालक सोसायटीचे संचालक होते. आज ते नाहीत, पण गावात अजून आमच्या घराला 'संचालकांचं घर'च म्हणतात. मला अक्षर वाचता येत नाही, पण कोण कुणाच्या गटात, कोण कुठल्या जेवणाला गेला आणि कधी फुटला, सगळं तोंडपाठ!

तर झालं काय, मीटिंगच्या आदल्या दिवशी ऋतुजाचे दोन संचालक आमच्या घरी मुक्कामाला आले.

"आजी, ह्या मॅडम बँकेत मोठ्या साहेब होत्या, आता रिटायर झाल्यात. आणि हे डॉक्टर. हाडांचे."

मी नमस्कार केला आणि पोरीला चुलीपाशी ओढलं. "आगं, कारखान्याच्या संचालकाचा निदान गुंठाभर तरी ऊस असतो. ह्यांच्यात सॉफ्टवेअर पिकवनारं कोन हाय?"

"पिकवायचं आम्ही, आजी. त्यांनी सल्ला द्यायचा, लक्ष ठेवायचं."

"हाडाच्या डॉक्टरनं? आन् आनिक कोन हाय मंडळात?"

"एक कर्नल आहेत, लष्करातले. ते उद्या परस्पर ऑफिसात येतील. बेंगळुरूचे एक साहेब आहेत, त्यांचं भांडवल आहे. ते पडद्यावरून बोलतात. आणि पाचवी मी."

हाडं, नोटा, बंदुका आणि एक पडद्यातला! असलं मंडळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण म्हटलं असेल बाई, आपल्याला काय त्यातलं.

एवढ्यावर गप्प बसले असते तर किस्सा घडला असता का?

सकाळी ऋतुजा अंगणात बापाशी फोनवर बोलत होती. आवाज रडवेला. "ऑफिस बेंगळुरूला हलवायचं का नाही, ते आज तीन वाजता ठरेल. बेंगळुरूवाले ठाम आहेत, न्यायचंच म्हणतात. दोघं आपल्या बाजूचे आहेत, पण एकाचं काही कळत नाही. त्यात आपल्यातलं एक जरी फिरलं, तर संपलं. हललं तर मला जावं लागेल, पप्पा. आणि ह्या पोरींना मी काय सांगू?"

माझ्या हातातलं पिठाचं ताट तसंच राहिलं. नात जाणार? पोरी घरी बसणार?

ती ऑफिसला गेली आणि मी विचाराला बसले. फुटणार कोण? कर्नल! सरळ आहे. लष्करातला माणूस, जन्मभर बदल्या केलेला. 'चला बेंगळुरूला' म्हणायला त्याला काय? तो गेलाच, त्याचा नाद सोडला. राहिले घरातले दोघं. मॅडम बँकेतल्या, म्हणजे हिशोबाला पक्क्या. डॉक्टर मोडलेलं जोडणारे, म्हणजे आपलेच. पण त्या डॉक्टरांचा फोन सारखा वाजत होता हो! आणि वाजला की ते उठून गोठ्यामागं जायचे, हळू आवाजात बोलायचे. कुणाशी? बेंगळुरूवाला डॉक्टरांना फोडतोय!

आता आपली माणसं फुटू नयेत म्हणून काय करतात, हे शिरूर-दौंडात कुणालाही विचारा. सहलीला नेतात! चेअरमनच्या निवडीआधी आमच्या मालकांना आठवडाभर महाबळेश्वरला नेऊन ठेवलं होतं. फोन काढून घेतले, स्ट्रॉबेरी खाऊ घातली आणि मतदानाच्या वेळेला गाडी थेट दारात. वाटेतले डबे मीच करून दिले होते.

मी पुतण्याला हाक मारली. पोपटची स्वतःची जीप आहे आणि ह्या कामात तो मुरलेला गडी.

"पोपट, दोन संचालक हायती. तीन वाजता मतदान."

त्यानं एक शब्द जादा विचारला नाही. "जवळची सहल का लांबची, काकी?"

"सिद्धटेकला जाऊन येऊ."

"मंग दोनच्या आत दारात आनून सोडतो."

मॅडम आणि डॉक्टर दर्शन म्हटल्यावर खूश! गाडीत बसले, तशी पोपटनं पिशवी पुढं केली. "मोबाइल बंद करून ह्यात टाका. काकींचा नेम हाय, देवाला जाताना फोन न्हाई." बिचाऱ्यांनी टाकले. पोपटनं आपलाही टाकला, नियम म्हणजे नियम. पिशवी मी बुडाखाली घेतली आणि वर पदर सोडून बसले. आता कर म्हणावं फोन, बेंगळुरूवाल्या!

दर्शन झकास झालं. दौंडात येऊन मिसळ खाल्ली. मॅडमना पेरू घेऊन दिले. सगळं पोपटच्या हिशोबानं चाललेलं, आणि पाटसच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली आडवी झालेली. तिच्यामागं ट्रॅक्टर, त्याच्यामागं ट्रॅक्टर, आणि सगळ्यांच्या मागं मी आणि माझे संचालक! मागंही गाड्या लागल्या. ना पुढं, ना मागं.

दोन वाजले. अडीच वाजले. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता तरी फोन द्या."

"एवढं काय अडलंय? बेंगळुरूला लावायचाय?"

"बेंगळुरूला कशाला? माझ्या पेशंटच्या घरी. परवा म्हाताऱ्यांचा खुबा बदललाय, त्यांची लेक घाबरून सारखी फोन करते."

म्हणजे डॉक्टर फुटलेलेच नव्हते! तेवढ्यात मॅडम चष्मा वर करून माझ्याकडं बघत राहिल्या. बँकेतलं माणूस ते! "आजी, खरं सांगा. आम्हाला पळवून आणलंय का?"

"पळवून न्हाई, मॅडम," पोपट पुढून म्हणाला, "सहल म्हनत्यात हिकडं."

मी सगळं सांगितलं. सांगताना रडूच आलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो आजी, आम्ही दोघं तुमच्याच बाजूचे! आता तिथं ऋतुजा एकटी, बेंगळुरूवाले विरोधात आणि कर्नलचा भरवसा नाही. आम्ही नसू तर ती हरेल ना!"

हे राम! ज्यांना राखायचं, त्यांनाच मी गाडीत घालून लांब नेऊन ठेवलेलं!

पिशवी बाहेर काढतेय, तोच पुढच्या रांगेतून एक ट्रॅक्टरवाला मोबाइल नाचवत आला. "ऋतुजाताईंची आजी कोन? ताई फोनवर हायती!"

झालं होतं असं. शेजारणीनं ऋतुजाला सांगितलं, जीप दौंडाकडं गेली. फोन लागेनात. पोरींनी पडद्यावर पाहिलं, तर पाटसपाशी त्यांच्या ॲपमधले सगळे ट्रॅक्टर उभे. त्यांनी एकेका ड्रायव्हरला फोन लावले, की पांढरी जीप बघा, आत नऊवारीतली म्हातारी आहे. कर्नलच्या कपातला चहा संपायच्या आत मी सापडले!

मीटिंग तिथंच झाली हो, उसाच्या ट्रॉलीच्या सावलीत. एकीकडून मॅडम, एकीकडून डॉक्टर, मध्ये फोन. कर्नलचा आवाज मी कानानं ऐकला. "मी लष्करात आयुष्यभर गाड्याच हलवल्या. हरवलेली गाडी शोधायला आमचा दिवस जायचा. ह्या मुलींच्या हाकेला ड्रायव्हर रस्त्यात उतरून धावतात. बेंगळुरूहून फोन केला तर कोण उतरेल? ऑफिस इथंच राहू द्या."

पडद्यातला साहेब एकटा पडला. म्हणाला, ठीक आहे.

ट्रॅक्टरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. घरी आल्यावर मी ऋतुजाला म्हटलं, "बघ, मी न्हेलं म्हनून झालं!"

"आजी," ती हात जोडून म्हणाली, "तुझ्यामुळं मी दोन तास मेले होते. आणि ज्यांना जेवायला घालून आपलंसं करायचं, त्या कर्नलना तू पाणीसुद्धा विचारलं नाहीस." पण मग गळ्यात पडली, ते वेगळं.

पुढं काही महिन्यांनी एका सकाळी पोपट जीप घेऊन दारात. "काकी, चला, रांजणगावच्या गणपतीला जाऊन येऊ."

मी लगेच नवं लुगडं नेसले. पोरगं किती आठवण ठेवतंय! गाडीत बसले, तशी त्यानं पिशवी पुढं केली. मी मुकाट्यानं फोन टाकला. मोठी देवभक्त ना मी! दर्शन झालं, पोपटनं भेळ खाऊ घातली, रसवंतीवर बसवलं, उगाच कोरेगाव भीमापर्यंत चक्कर मारून आणली. दिवस मोठा मजेत गेला.

संध्याकाळी घरी आले, तर माझ्या बाजेवर कर्नल मांडी घालून चहा पीत बसलेले.

"या आजी," ते म्हणाले. "आमची मीटिंग मस्त झाली. तुमची सहल कशी झाली?"