निरसन व व्यावृत्ती

रविवारी दुपारी आमच्या बैठकीत एक फासा पडत असे. तो दिसत नसे. मुलीच्या संगणकातून लाकडावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज येई, पडद्यावर ‘नावाडीण : चौदा’ किंवा असाच काही आकडा उमटे, आणि आत स्वयंपाकघरात माझ्या पत्नीचे लाटणे थांबे. आवाज विरला की लाटणे पुन्हा सुरू होई. नावाडीण म्हणजे आमची मुलगी. तापाने तिला नेले, त्याला तेव्हा वर्ष उलटले होते.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकजण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतली माणसे होऊन वागतात. योजलेले साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पूर्वी त्यासाठी एका टेबलाभोवती बसावे लागे. आता पट, सोंगट्या, फासे सारे संगणकात असते आणि खेळाडू आपापल्या घरून एकमेकांशी बोलत खेळतात. आमच्या मुलीने असा एक पट मांडला होता. जानेफळचा एक शिक्षक कथा सांगे. मोताळ्याची तिची मैत्रीण, वडिलांबरोबर कापडाचे दुकान सांभाळणारी, कथेत वाटाडी होती. मुलगी नदीपार नेणारी नावाडीण.

त्या पटाच्या नियमांचे दोन रकाने होते. एकात अधिकृत नियम, जे खेळ चालवणाऱ्या कंपनीने सर्वांना लागू केलेले. दुसऱ्यात ऐच्छिक नियम. पटाच्या मालकाने खूण केली तरच ते अमलात येत. मुलीने त्यातल्या एकाच नियमापुढे खूण केली होती: खेळाडू गैरहजर असल्यास त्याचा फासा यंत्राने टाकावा. अधिकृत नियम नेमका उलट होता. गैरहजराची सोंगटी पाळीतून काढून टाकावी, असे तो सांगे. मुलगी गेली, खूण राहिली. त्यामुळे वाटाडीची पाळी संपली की यंत्र थांबे, थोडा वेळ वाट पाही, आणि तिच्या नावाने फासा टाके. तिचे मित्र खेळत राहिले, आणि मी त्या पटाचा वारस या नात्याने दर रविवारी समोर बसू लागलो. मी खेळत नसे. आवाजाची वाट पाहत असे.

मग कंपनीची सूचना आली. नवी नियमावली लागू होणार, जुने सर्व ऐच्छिक नियम रद्द होणार. मालकाने संमतीची कळ दाबावी. न दाबल्यास पट फक्त पाहण्यापुरता उरेल, त्यावर खेळता येणार नाही.

माझी उभी हयात बुलढाण्याच्या न्यायालयात कारकुनीत गेली. कोणताही कायदा रद्द होतो तेव्हा नव्या कायद्याच्या शेवटी बहुधा एक कलम असते: निरसन व व्यावृत्ती. जुना कायदा जातो, पण त्याच्या आधाराने जे घडून गेले, ज्याला जो हक्क मिळाला, तो राखून ठेवला जातो; हीच व्यावृत्ती. साध्या बाजारफीच्या नियमांनाही एवढी माणुसकी असते. आणि माझ्या मुलीच्या नियमाला व्यावृत्ती नव्हती! मी कळ न दाबता कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले: प्रिय खेळाडू, आपल्या पुढील साहसास शुभेच्छा. मी उलट टपाली कळवले की मी खेळाडू नाही, वारस आहे, आणि साहस करण्याचे माझे वय नाही. पुढच्या पत्रात विचारले की ऐच्छिक म्हणजे बिनमहत्त्वाचे, हा अर्थ आपण कोणत्या कोशातून काढलात? अधिकृत नियम सर्वांसाठी असतो, म्हणजे विशेष असा कोणासाठीच नसतो. ऐच्छिक नियम कोणीतरी, कोणासाठी तरी, मुद्दाम चालू केलेला असतो. या पत्रालाही साहसाच्या शुभेच्छाच आल्या.

मुदत जवळ आली तेव्हा शिक्षक आणि मैत्रीण दोघे बसने बुलढाण्याला आमच्या घरी आले. पत्नीने चहा दिला.

“सांग ना बे,” मैत्रीण शिक्षकाला म्हणाली.

“मी काऊन? स्टँडवर तर तूच वकील झाली होती.”

तिने बशी खाली ठेवली. “काका, तुमी हा खेळ बंद पाडून राह्यले.”

“मी बंद पाडत नाही. मी हरकत घेतली आहे.”

“हरकतीवर खेळता येते का?”

मी तिला नियमाचा अर्थ समजावून दिला. नियम म्हणतो, गैरहजर असल्यास. किती काळ, ते म्हणत नाही. कालमर्यादा घातलेली नसेल तर नियम चालूच राहतो.

“काका, थो नियम तिनं माह्यासाठी लावला होता,” ती म्हणाली. “आमच्याकडं दुपारी लाइट जाये. माही पाळी आली का मी गायब. हा मास्तर म्हने, काढा हिले.”

“मी गमतीनं म्हनलं होतं,” शिक्षक पुटपुटला.

“गंमत नाही न् काही नाही. तिनं तुले झापलं होतं. म्हने, खेळ थांबाले नाही पाह्यजे अन् हिची पाळी बी जाले नाही पाह्यजे. लाइट येनार आहे ना, म्हून लावला तिनं थो.” ती थांबली. “आता थो फासा पडते तं मले भेव वाटते. चांगला पडला तं वाटते, आहे ते इथंच. वाईट पडला तं तिचाच राग येते. मांगच्या रविवारी तिच्या फाश्यानं मले वाचवलं. मी थँक्यू म्हनलं, काका. मोठ्यानं. अब्बा पाहूनच राह्यले, हे कोनाशी बोलते.”

“मी ऐकलं होतं,” पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “मले वाटलं, ते काही म्हनते का वापस.”

कायद्याचा शब्द अपुरा पडला तर तो करणाऱ्याचा हेतू पाहावा, असे मी नव्या कारकुनांना सांगत आलो. येथे हेतू माझ्यासमोर बसून ओढणीने डोळे पुसत होता. खेळ थांबू नये, एवढाच तो होता. आणि संमती अडवून मी नेमका खेळ थांबवत होतो. पट पाहण्यापुरता उरला असता. नावाडीण त्यावर दिसत राहिली असती, पण तिचा फासाही पडला नसता.

“संमती देतो,” मी म्हणालो. “हरकत मात्र मागे घेणार नाही. आणि गैरहजेरीचा आदेश रीतसर होईल.”

न्यायालयात कोणालाही गैरहजर ठरवण्यापूर्वी पट्टेवाला व्हरांड्यात येऊन तीनदा पुकारा करतो. कधी पक्षकार वारल्याचे सर्वांना ऐकून ठाऊक असते, पण तसा कागद दाखल झालेला नसतो. म्हणून त्याचेही नाव पुकारले जाते. अशा वेळी व्हरांड्यातली माणसे बोलायची थांबतात आणि जिन्याकडे पाहतात. मीही पाहिले आहे.

त्या रविवारी दोघेही पटावर हजर होते. मी संमतीचा पडदा उघडून ठेवला आणि ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

“नावाडीण हाजिर हो!”

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळली. मी दुसऱ्यांदा पुकारले, तिसऱ्यांदा पुकारले. गल्लीच्या तोंडाशी कोणी येत नव्हते. मागे पत्नी पीठ लागलेल्या हातांनी उभी होती.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

“तीनच असतात.”

“असू द्या.”

चौथा पुकारा कोणत्याही नियमात नाही, अधिकृत नाही आणि ऐच्छिकही नाही. तो मी केला, आणि त्या वेळी खेळातले नाव घेतले नाही.

मग आत येऊन कळ दाबली. पत्नी स्वयंपाकघरात परतली, खेळ सुरू झाला. वाटाडीची पाळी झाली, आणि यंत्र जराही न थांबता शिक्षकाच्या कथेकडे वळले. आवाज आला नाही. लाटणे मात्र नेहमीच्या जागी थांबले.