वॉचमनचं पुढे काय झालं?

मी पटकथालेखक आहे, ही गोष्ट आमच्या वसईतल्या सोसायटीत फक्त मला माहीत आहे. बाकीच्यांच्या लेखी मी विम्याच्या कचेरीत जाणारा, दुसऱ्या मजल्यावरचा विनायक. त्यांचा काही दोष नाही. सतरा वह्यांमध्ये सतरा चित्रपट नुसते सुरू करून ठेवलेत मी. अशा माणसाला पटकथालेखक म्हणायचं तर रोज रात्री 'उद्यापासून व्यायाम' असं ठरवणाऱ्याला पैलवान म्हणावं लागेल.

माझी अडचण उलटीच आहे. मला सुचत नाही असं कधी होतच नाही. पहिली दहा पानं मी झपाटल्यासारखा लिहितो. चौदाव्या पानाच्या आसपास नायिका दार उघडते आणि बाहेर नायकाऐवजी एक दुसराच चित्रपट उभा असतो. लगेच नवी वही! (कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला मला शाळामास्तर समजतो. मी गरीब विद्यार्थ्यांना वह्या वाटतो, असं तो लोकांना सांगतो म्हणे. मी ते खोडून काढलेलं नाही.)

अशात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी सामंत नावाचे निर्माते बसले. मी त्यांना मठ्ठा येईपर्यंत चार आणि जिलबी येईपर्यंत आणखी तीन गोष्टी ऐकवल्या. ते शांतपणे जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "मला एक द्या. पण पूर्ण. कितीही साधी असो, शेवट लिहिलेला पाहिजे. पंधरा दिवसांनी रविवारी मी अर्नाळ्याला येतोय, तेव्हा ऐकतो."

घरी आल्यावर मनीषाला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. पंधरा दिवसांची रजा मी मुन्नारला जाण्यासाठी मंजूर करून घेतली होती. तिच्या स्वेटरांना ऊनही दाखवून झालं होतं. तिने स्वेटर परत माळ्यावर टाकले.

"मुन्नार राहू दे," ती म्हणाली. "पण एक सांगते विनू. लग्नाला अकरा वर्षं झाली, तुझ्या एकाही वहीत मी 'समाप्त' हा शब्द बघितला नाही. त्या रविवारी मला तो बघायचाय. नाहीतर सगळ्या वह्या रद्दीत, आणि परत घरात सिनेमाचं नाव काढायचं नाही."

ती हे चिडून म्हणाली असती तर मी विनोद केला असता. पण ती शांत होती, आणि मला खरोखर भीती वाटली.

फ्लॅटमध्ये माझं लक्ष लागणार नाही म्हणून तिने मला वह्यांसकट तिच्या माहेरी, अर्नाळ्याच्या वाटेवरच्या निर्मळला आणून टाकलं. सासरे तात्या आणि सासूबाई, दोघंच राहतात. घरामागे केळीची वाडी, थोडी फुलं, थोडी भाजी. वाडीत बावखल आहे, म्हणजे पाणी साठवायचं तळं, आणि त्याच्या काठाला पंपाची खोली. तिथे एक खाट टाकून माझी स्थापना झाली. मनीषाही माहेरीच राहिली, आणि माझा मोबाइल तिने काढून घेतला.

पहिले तीन दिवस मी सतरा वह्या खाटेवर मांडून त्यांच्याकडे बघत बसलो. चौथ्या दिवशी तात्या डोकावले.

"काय जावईबापू, झालं का लिहून?"

"तात्या, एक निवडता येत नाहीये. सगळ्याच आपल्या वाटतात."

तात्या फार बोलणारे नव्हेत. त्यांनी मला बाहेर नेलं, एका केळीशी उभं केलं आणि बुंध्याकडे बोट दाखवलं. "ही पिलं बघा किती आलीत. सगळी ठेवली तर सगळी तिचंच पानी पितात, आनि घड येतो बोटाएवढा. म्हनून एक ठेवायचं, बाकी उडवायची."

"एकच?"

"एकच. माया नाय करायची."

तेवढ्यात त्यांना फुलांच्या टेम्पोवाल्याने हाक मारली आणि ते गेले. कोणतं पिलू ठेवायचं, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. माणसाला ज्ञान झालं की तो पुढचे प्रश्न विचारत नाही!

मी तडक खोलीत गेलो आणि सगळ्यांत देखणी वही निवडली. ऐतिहासिक! पहिल्याच दृश्यात वसईच्या किल्ल्यासमोर चारशे गलबतं, बुरुजावर पांढरा घोडा, घोड्यावर राजकन्या. (घोडा बुरुजावर चढला कसा, हे दिग्दर्शकाने बघायचं.) उरलेल्या सोळा वह्या उचलून मी सासूबाईंकडे नेल्या.

"आई, ह्या बंबात घाला."

"सगळ्या?" त्यांनी चष्मा वर केला.

"सगळ्या. माया नाही करायची."

आणि काय सांगू, मी खरोखर लिहू लागलो. आयुष्यात प्रथमच चौदावं पान ओलांडलं, विसावं ओलांडलं. नवीन काही सुचलं की मी मोठ्याने "उडवा!" म्हणायचो आणि पुढे लिहायचो. बावखलाच्या पलीकडून शेजारी काळजीने बघायचे.

सातव्या दिवशी जेवताना सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "त्या वॉचमनचं पुढे काय झालं?"

"कुठल्या वॉचमनचं?"

"तुमच्याच. सातिवलीच्या गोडाउनवरचा. बंब पेटवताना एकेक वही चाळत होते. ती शेवटपर्यंत वाचली आणि ठेवून दिली बाजूला."

मला आठवायला वेळ लागला. सातिवलीला प्लास्टिकच्या बादल्यांच्या गोडाउनवर एक वॉचमन. शेजारच्या युनिटमधली सुशीला रोज दुपारी त्याच्या गेटाजवळच्या बाकावर डबा खाते. चार वर्षं. दोघं एक अक्षर बोललेले नाहीत. एके दिवशी ती डबा बाकावर विसरून जाते आणि दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. वॉचमन डबा हातात घेऊन गेटाबाहेर पाऊल टाकतो. इथे चौदावं पान संपलं होतं आणि मला राजकन्या सुचली होती.

"ती गोष्ट मी उडवली, आई."

"अहो, पण तो डबा घेऊन निघालाय ना?"

"निघू दे."

"असा कसा निघू दे? चार वर्षांत पहिल्यांदा ड्युटी सोडलीय त्याने."

त्या दिवसापासून रोज जेवताना हाच प्रश्न. मी मात्र ढळलो नाही. उभ्या आयुष्यात मी एकदाच एकाग्र झालो, आणि तो नेमका तेव्हा.

दहाव्या दिवशी राजकन्या तुरुंगात अडकली आणि मीही अडकलो. हातपाय मोकळे करावेत, तात्यांनाही मदत होईल, म्हणून सकाळी मी कोयता घेऊन केळीत शिरलो. तात्या बाजारात गेले होते. प्रत्येक केळीशी चांगलं रुंद, टवटवीत पानांचं, गोजिरं पिलू दिसेल तेवढं ठेवायचं आणि ती टोकदार, किडकिडीत पानांची उडवायची, असा सपाटा लावला. माया केली नाही. दोन अख्ख्या ओळी साफ केल्या आणि घामाघूम होऊन तात्यांची वाट बघत उभा राहिलो. शाबासकीसाठी.

तात्या आले. पहिली केळ बघितली, दुसरी बघितली, आणि चौथ्या केळीशी बांधावर खालीच बसले.

"हे कोनी केलं?"

"मी," मी नम्रपणे म्हणालो.

तात्यांनी पडलेल्या पिलांपैकी एक उचललं. "हे तलवारीसारखं पान आहे ना, ते ठेवायचं. हे आईच्या अंगावर वाढतं. ते रुंद पानाचं नुसतं दिसायला. त्याला जोर नसतो. घड धरत नाय." मग डोकं खाजवून म्हणाले, "दोन ओळी ना? बरं. पुढल्या वर्षी त्या दोन ओळी नुसत्या बघायला होतील."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मनीषाने ती कसर भरून काढली. "तात्यांनी वर्षभर वाढवलेली केळी रे ती! तुला कुणी सांगितलं होतं?" मला खरंच लाज वाटली. त्या दिवशी मी जेवायला घरात गेलो नाही, पंपाच्या खोलीतच बसून राजकन्येला सोडवलं. शनिवारी संध्याकाळी 'समाप्त' लिहिलं. मनीषाने येऊन तो शब्द बघितला, हात लावून बघितला, आणि माझ्यासाठी चहा टाकला.

रविवारी सामंत आले. मागच्या ओटीवर सतरंजी घातली. मी घसा साफ करून सुरुवात केली. चारशे गलबतं आली. पांढरा घोडा आला. तिसऱ्या दृश्यात तात्यांचे डोळे मिटले. सातव्यात सामंत वाडीतली केळी मोजू लागले. मी दोन तास वाचलं. शेवटचा शब्द मी जरा थांबून, जड आवाजात उच्चारला.

सामंतांनी केळी मोजायचं थांबवलं.

"दिसायला छान आहे," सामंत म्हणाले.

तात्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "रुंद पानाचं आहे ते."

मनीषा मागे वळून कपबशा आवरू लागली. तिचा चेहरा मला दिसला नाही, आणि तेच बरं झालं. पंधरा दिवस, तिची सहल, तात्यांच्या दोन ओळी, सगळं मी त्या एका पांढऱ्या घोड्यावर घालवलं होतं. मी वही मिटली.

सासूबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. सामंतांच्या हातात बशी देताना त्या म्हणाल्या, "ह्यांना वॉचमनचं विचारा ना. मला तर सांगत नाहीत."

"कोण वॉचमन?"

मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. बादल्यांचं गोडाउन, बाक, चार वर्षं, विसरलेला डबा. सामंतांचा चमचा पोह्यांवरच थांबला.

"पुढे?"

"पुढे ह्यांनी लिहिलंच नाही. मग मीच ठरवलं. उगीच डोक्याला भुंगा." त्या पदराने हात पुसत खाली बसल्या. "तो आपला डबा घेऊन सातिवलीभर फिरतो. प्रत्येक गेटावर विचारतो. नाव तर माहीत नाही, म्हणून डबा दाखवतो, ह्या डब्यातून जेवणारी बाई बघितली का? लोक हसतात. शेवटी एका अगरबत्तीच्या कारखान्यात ती दिसते. हा म्हणतो, बाई, तुम्ही डबा विसरलात. ती म्हणते, विसरले कुठे? चार वर्षं वाट बघितली तुम्ही काही बोलाल म्हणून. शेवटी डबा ठेवून आले. म्हटलं, परत करायला तरी याल."

तात्यांनी डोळे उघडले. मनीषाच्या हातात कपबशा तशाच होत्या. मला अजून पोह्यांची बशी मिळाली नव्हती, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

"हा चित्रपट मी करतो," सामंत म्हणाले. "कोण लिहून देईल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी, एकदमच, सासूबाईंकडे बघितलं.

तेव्हापासून दर शनिवार-रविवार मी निर्मळला जातो. सासूबाई फुलं गुंफता गुंफता सांगतात आणि मी लिहून घेतो. एकदा मी म्हणालो, "आई, वॉचमनला एक जुळा भाऊ असला तर?" त्यांनी सुईवरून मान वर न करता "नको" म्हटलं आणि पुढचं वाक्य सांगितलं. नऊ आठवड्यांत पटकथा पूर्ण झाली. शेवटचा शब्द त्यांनी मला लिहू दिला नाही. वही स्वतःकडे ओढून, मोठ्या टपोऱ्या अक्षरांत 'समाप्त' लिहिलं आणि मनीषाच्या हातात दिली.

परवा सामंतांनी पुढच्या गोष्टीबद्दल विचारलं, तर सासूबाई फोनवर म्हणाल्या, "ही पडद्यावर येऊ दे. तोवर दुसरी धरायची नाही मी."

त्या पटकथेत माझं योगदान काय, असं कोणी विचारलं तर मी अजिबात आडपडदा ठेवत नाही. पानांचे आकडे सगळे माझे आहेत. फक्त पंचेचाळीस दोनदा आलंय.