फोटू कुनासाठी?

नलिनीताईंना मी प्रथम पाहिलं ते वडखळजवळच्या आमच्या मिठागरावर. गळ्यात कॅमेरा, हातात चपला. त्या दिवसांत कारखान्यासाठी जागा शोधणाऱ्या एका कंपनीची अनोळखी माणसं येऊन खाडीकाठची जमीन मापून जात. या बाईही कंपनीनेच पाठवल्या असणार, अशी गावाची खात्री झाली.

मीठ ओढता ओढता आमच्या आईने विचारलं, "फोटू कुनासाठी काढतेस गो?"

"तुमच्यासाठी. नको म्हणालात तर कुठंच लावणार नाही."

"असा सगलेच सांगतान."

ताई रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी सगळी छायाचित्रं देवळासमोर मांडली. कोणतं ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मिठाने चिरलेल्या स्वतःच्या पायांचं चित्र आईने पालथं घातलं. "हा नाय लावायचा. मी म्हंजे काय नुसतं पाय हाय?" ताईंनी त्याची निगेटिव्ह तिथंच तिच्या हाती दिली.

मला तरी पटलं नाही. दुसरी प्रत नसेल कशावरून? मी तेव्हा रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात कामाला होतो. रोह्यात ताईंचं प्रदर्शन भरलं, तेव्हा शिफ्ट सुटताच तडक गेलो आणि एकेक चित्र तपासलं. ते चित्र नव्हतं. एक पाहुणे ताईंना म्हणत होते, "तुम्ही मला अगदी सुरुवातीला दाखवलेलं ते पायांचं चित्र लावायला हवं होतं. लोक थबकले असते."

"ज्यांचे पाय, त्या नको म्हणाल्या," एवढंच बोलून ताई वळल्या. मी मागे उभा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत हिंडू लागलो, तो आजतागायत.

पायांऐवजी काय दाखवायचं, हे ताईंनी आईलाच विचारलं. "आमाला बसायला सावली नाय, ता दाखव." त्या छायाचित्रांतून निवाऱ्याची कल्पना निघाली. बायकांनी आराखडा काठीने जमिनीवर आखला आणि मुकादमाची नजर पडू नये म्हणून दार खाडीकडे फिरवलं. तरी कुजबुज होतीच, जागा आता हिच्या नावावर होणार. ताईंनी निवाऱ्यावर आपल्या नावाची पाटीही लावू दिली नाही.

या गौरवग्रंथासाठी त्यांचं स्वतःचं छायाचित्र मागितलं, तेव्हा पंचाहत्तरीच्या ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. "काढणार कोण? छापण्याआधी मला दाखवाल ना?" दाखवलेल्यांपैकी दोन त्यांनी नाकारली.

त्यांचे डोळे, गुडघे आणि हा निरोगी संशय अजून पुष्कळ वर्षं शाबूत राहोत. आणि त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरं देण्याचं बळ आम्हांला लाभो.